पेठचे झरे, मनमाडची डिस्क

हिवाळ्यातल्या एका मंगळवारी सकाळी नऊ वाजून पस्तीस मिनिटांनी आमच्या दैनिकाच्या नाशिक कार्यालयातल्या संगणकाने पेठच्या फोल्डरमधले सगळे मेल खोडले. खोडायला कोणी सांगितले नव्हते. ‘आवक-जावक’ नावाच्या प्रोग्रामने ते आपल्या नियमाप्रमाणे केले. तो प्रोग्राम मी लिहिला होता.

मी जिल्हा पानाची उपसंपादक होते. प्रोग्राम लिहिणे हे माझे काम नव्हते. ते कामाच्या कडेने सुरू झाले आणि नोकरी संपल्यानंतरही सुरू राहिले. आज तो मी कधी न पाहिलेल्या देशांत चालतो. त्याची आठवण येते ती मात्र एका पॅसेंजर गाडीच्या खिडकीतून आल्यासारखी. त्याचे कारण पुढे येईल.

तालुक्याचा बातमीदार बातमी लिहून मेलने पाठवतो. आमच्या जिल्हा पानाची एकच टपालपेटी होती. तिच्यात प्रत्येक तालुक्याचा फोल्डर. पेटी दूर कुठल्या तरी सर्व्हरवर असे, आणि तिथपर्यंत जाणारी इंटरनेटची लाइन दिवसातून कितीदा तरी तुटे. लाइन तुटली की पेटी दिसत नसे. म्हणून पेटीची एक प्रत आपल्या संगणकावर ठेवायची, लाइन असेल तेव्हा दोन्ही पेट्या सारख्या करून घ्यायच्या, नसेल तेव्हा आपल्या प्रतीवर काम करायचे. एवढेच ‘आवक-जावक’ करतो. नाशिक, पेठ आणि मनमाड इथल्या संगणकांवर मी तो बसवला. प्रत्येक ठिकाणी अख्खी पेटी उतरे. पेठच्या बातम्या मनमाडला, मनमाडच्या पेठला.

मनमाडचे बातमीदार रफिकभाई शेख यांना हे पटले नव्हते. स्टेशनजवळ भावाच्या बॅटरीच्या दुकानामागे त्यांची खोली, तेच कार्यालय. मनमाडला नळाला पाणी किती दिवसांनी येते हे जिल्ह्यात सगळ्यांना माहीत आहे.

“मॅडम, आमच्याकडे प्यायला पाणी नाही आणि तुम्ही माझ्या कॉम्प्युटरमध्ये झरे भरून ठेवलेत,” ते फोनवर म्हणत. “काढा की ते पेठचं.”

“प्रोग्राम तसाच आहे, रफिकभाई. सगळं सगळीकडे जातं.”

“मग दोन बादल्या खऱ्या पाण्याच्या पण पाठवा त्यातून.”

झरे म्हणजे भोये गुरुजींचे झरे. गुरुजी पेठचे बातमीदार. प्राथमिक शिक्षक म्हणून निवृत्त झालेले. अपघात, सभा, ग्रामपंचायतीची भांडणे ते चार ओळींत पाठवत आणि त्या बातम्या लागत, म्हणजे छापल्या जात. पण दर काही रविवारी ते एखाद्या पाड्यावर चालत जात आणि तिथल्या झऱ्याची नोंद घेऊन येत. झऱ्याचे नाव, तोंड कुठल्या दिशेला, चव कशी, कुठल्या महिन्यात आटतो, आणि हे सगळे कोणी सांगितले. एक झरा, एक मेल. असे एक्केचाळीस मेल झाले होते. एकही छापला नव्हता. पान लावणारे म्हणत, उन्हाळ्यात घेऊ, टंचाईच्या वेळी शोभेल. उन्हाळ्यात म्हणत, आता आटले असतील, पाऊस झाला की बघू. असे म्हणणाऱ्यांत मीही होते.

आता आमच्या टेबलावरची एक पद्धत सांगितली पाहिजे. कागदावर बातम्या येत त्या काळात लागलेली बातमी मधोमध फाडून टोपलीत टाकायची, हा नियम होता. फाटलेला कागद दोनदा लागत नाही. मेल आले तेव्हा नियम तोच राहिला. बातमी लागली की मेल खोडायचा. उरलेला मेल म्हणजे थांबलेली बातमी. सकाळी येणारा पहिला माणूस आदल्या दिवशीच्या पानावर बोट फिरवत जाई आणि लागलेले सगळे एका दमात खोडून टाके. याला आम्ही टेबल साफ करणे म्हणत असू.

पेट्या सारख्या राहायच्या म्हणजे नाशिकला खोडलेला मेल पेठलाही खोडला जायचा. बातमीदार तक्रार करतील असे मला वाटले होते. झाले उलटे. पेठला अंकांचा गठ्ठा एसटीने जाई. सावळघाटात धुके असले की तो दहाच्या पुढे पोचे. गुरुजी त्याआधीच संगणक उघडत आणि कुठला मेल नाहीसा झाला ते पाहत. नाहीसा झालेला मेल म्हणजे लागलेली बातमी. “मॅडम, आज तीन गेले,” असे ते आनंदाने सांगत. माझ्या माहितीत आपले लिखाण खोडलेले पाहून खूश होणारे ते एकटेच लेखक.

त्या मंगळवारी दहाला दहा कमी असताना त्यांचा फोन आला. ते पेठच्या एसटी स्टँडवर होते. मागे गाडीच्या इंजिनाचा आवाज येत होता.

“मॅडम, आज सगळंच लागलं का?”

मी विचारले, “काय सगळं?”

“झरे. एकूण एक गेले. फोल्डर पार मोकळा. पुरवणी काढली काय तुम्ही? मला बोलला पण नाहीत.”

मी म्हणाले, पाहून सांगते. हे उत्तर बरोबर नव्हते. कारण त्या क्षणी मी पाहिलेलेच होते. समोरचा पडदा रिकामा होता.

आदल्या संध्याकाळी कार्यालयाच्या संगणकाची डिस्क बदलली होती. बदलणाऱ्या माणसाने नव्या डिस्कवर सगळे आणून ठेवले, फक्त टपालाचा फोल्डर राहिला. जुनी डिस्क त्याने पुसून दुसऱ्या संगणकाला लावली. सकाळी प्रोग्राम सुरू झाला. त्याला आपली पेटी रिकामी दिसली. त्याच्याजवळची नोंदवही सांगत होती की कालपर्यंत इथे मेल होते. होते आणि आता नाहीत, म्हणजे माणसांनी खोडले. म्हणजे बातम्या लागल्या. त्याने सर्व्हरवरचे मेल खोडले आणि पाच मिनिटांनी पेठच्या संगणकाने तेच केले. प्रोग्रामने चूक केली नाही. आम्ही त्याला शिकवले तसे त्याने टेबल साफ केले.

मुख्य कार्यालयात फोन केला. सर्व्हर त्यांच्या ताब्यात. खोडलेल्या मेलची प्रत ते ठेवत नव्हते. मग निदान पेटीचा पासवर्ड बदला, म्हणजे मनमाडचा संगणक आत शिरणार नाही, असे मी सांगितले. पलीकडचा तरुण सभ्यपणे म्हणाला, “मॅडम, तसा लेखी अर्ज लागतो. मेल करा ना, संध्याकाळपर्यंत करून टाकू.”

अर्ज मी पाठवला.

मनमाडचा संगणक बंद होता. रफिकभाई पुतण्याच्या लग्नासाठी आठ दिवस मालेगावला गेले होते. त्या बंद डिस्कवर पेठचे मेल तसेच असणार होते. पण संगणक चालू केला की ‘आवक-जावक’ आपोआप सुरू होतो. ती सोय मीच केली होती, बातमीदारांना काही शिकावे लागू नये म्हणून. रफिकभाई घरी येऊन बटण दाबतील, प्रोग्राम सर्व्हरकडे पाहील, आणि दोन मिनिटांत मनमाडही नाशिकसारखे होईल. त्यांचा फोन लागत नव्हता. दुकानाचाही लागत नव्हता. मी रिक्षाने नाशिकरोडला गेले आणि साडेदहाची पॅसेंजर पकडली.

फलाटावरून गुरुजींना खरे सांगितले.

“गुरुजी, ते लागले नाहीत. प्रोग्रामने खोडले.”

“कुठल्या प्रोग्रामने?”

“माझ्या.”

ते म्हणाले, “गठ्ठा आला मॅडम. मी दोनदा पानं उलटली. म्हटलं, मधे कुठे अडकली असेल पुरवणी.”

“तुम्ही आधी कागदावर लिहायचात ना? ते कागद?”

“ते मी ज्याचे त्याला देऊन यायचो. त्यांनी सांगितलेलं, त्यांच्या घरात राहावं म्हणून. आता कोणाच्या चुलीत गेले, कोणाच्या कुडात खोचलेले असतील. आणि सांगणारे तरी किती राहिलेत? उंबराचा झरा सांगणारा रामजी गेला. कवडीवाली म्हातारी गेली.” मग त्यांनी विचारले, “कुठेच नाहीत का?”

“मनमाडला असतील. तिकडेच निघाले आहे.”

“मनमाडला,” गुरुजी म्हणाले. “बघा.”

गाडी निघाली. डबा अर्धा रिकामा होता. खिडकीतून ऊन आत येऊन बाकावर सरकत होते. पुढचे दोन तास करण्यासारखे काही नव्हते. फोन लावत राहायचा, तो लागत नाही हे ऐकायचे. द्राक्षांच्या बागा मागे जात होत्या आणि स्टेशने एकामागून एक येत होती. ती सगळी माझ्या ओळखीची होती, कारण ती माझ्या प्रोग्रामच्या आवृत्त्यांची नावे होती. ही कल्पना रफिकभाईंची. “आकडे कोण लक्षात ठेवतं मॅडम? दोन पूर्णांक तीन, तीन पूर्णांक एक. स्टेशनांची नावं द्या. मनमाड आलं की प्रोग्राम पुरा झाला.”

ओढा. ही पहिली आवृत्ती. ती फक्त मेल खाली उतरवून घेई. एका बाजूने वाहणारे पाणी. तिच्यात चूक होण्यासारखे काही नव्हते आणि उपयोगही फारसा नव्हता. स्टेशनवर एक बाई पेरूची टोपली घेऊन बसली होती. तिने गाडीकडे पाहिले नाही.

खेरवाडी. दुसरी आवृत्ती, दोन्ही बाजूंनी वाहणारी. इकडे आहे आणि तिकडे नाही असे काही दिसले की ते तिकडे पोचवायचे. नियम सरळ होता आणि तिथेच फसगत झाली. आम्ही खोडलेला मेल सर्व्हरवर असायचाच, मग प्रोग्राम तो पुन्हा आणून ठेवायचा. खोडलेल्या बातम्या रोज सकाळी उगवू लागल्या. नव्या उपसंपादकाला त्या ताज्या वाटल्या. सटाण्याच्या कांद्याचा तोच भाव तीन दिवस ओळीने छापला गेला. चौथ्या दिवशी सटाण्याहून एका शेतकऱ्याचा फोन आला. आवाजात राग नव्हता, चौकशी होती. “ताई, आज बी तोच भाव शे का? मंग मी घरीच बसस.”

त्या फोनमुळे मला या धंद्यातली मुख्य गोष्ट कळली. इकडे आहे आणि तिकडे नाही, याचे दोन अर्थ असतात. एक, ते नवे आहे आणि अजून तिकडे पोचलेले नाही. दोन, ते जुने आहे आणि तिकडून काढले गेले आहे. दोन पेट्या शेजारी ठेवून कितीही पाहिल्या तरी यातला कुठला अर्थ खरा हे कळत नाही. त्यासाठी तिसरी वस्तू लागते. मागच्या वेळी काय पाहिले होते त्याची आठवण.

कसबे सुकेणे. इथे ती आठवण आली. प्रत्येक फेरीनंतर प्रोग्राम एका वहीत लिहून ठेवू लागला की अमुक क्रमांकाचे मेल दोन्हीकडे होते. सरकारी कचेरीत आलेल्या-गेलेल्या टपालाची वही असते, तशी. प्रोग्रामला नाव तिथूनच मिळाले. वहीत मजकूर नसतो, फक्त क्रमांक. काय होते ते तिला सांगता येत नाही, होते एवढे सांगता येते. गाडी कसबे सुकेण्याला बराच वेळ थांबली. पलीकडच्या रुळावरून एक मालगाडी गेली, तिचे डबे संपेचनात. मी ते मोजू लागले आणि मधेच आकडा विसरले.

निफाडला मी प्रोग्राम लोकांसाठी खुला केला होता. म्हणजे त्याची मूळ संहिता इंटरनेटवर ठेवली. कोणीही वाचावी, वापरावी, बदलावी, आणि बदल चांगला असेल तर मला पाठवावा. वाटले होते कोणी पाहणार नाही. तीन आठवड्यांनी उत्तरेकडच्या एका थंड देशातून एक पत्र आले. लिहिणारा सहीच्या जागी एकच अक्षर टाकत असे. त्याला मी मनात ‘क’ म्हणते. त्याने लिहिले होते की तो एका बेटावर दिवे दुरुस्त करतो, बोट येते तेव्हाच त्याला लाइन मिळते, आणि माझ्या प्रोग्रामच्या अमुक ओळीत चूक आहे. चूक होती. मी ती दुरुस्त केली. उगावची आवृत्ती जवळजवळ पूर्ण त्याचीच. फोल्डरला देवनागरीत नाव दिले की सर्व्हरवर अर्थहीन अक्षरे उमटत, ‘पेठ’ ओळखू येत नसे. त्याने ते सोडवले. त्याला देवनागरी वाचता येत नव्हती. त्याने फक्त एवढे पाहिले की जे अक्षर गेले तेच परत आले.

लासलगाव. कांद्याचा वास डब्यात भरला. माल चढवणाऱ्यांचा आरडाओरडा, मग पुन्हा शांतता. ही तेव्हाची चालू आवृत्ती, आणि तिच्याबद्दल मला बाकाची कडा धरून विचार करावा लागला.

‘क’ने त्या आवृत्तीसाठी चार ओळी पाठवल्या होत्या. एखादा फोल्डर एकदम रिकामा दिसला तर प्रोग्रामने थांबावे आणि विचारावे: एवढे सगळे खोडायचे का? मी त्या ओळी घेतल्या. आठ दिवसांत टेबलावरचे लोक वैतागले. कारण आमच्याकडे टेबल रोज साफ होई. निफाडचा, येवल्याचा फोल्डर रोज सकाळी एकदम रिकामा होई. प्रश्न रोज यायचा, रोज ‘हो’ म्हणावे लागायचे. मी त्या चार ओळी काढल्या.

‘क’ने विचारले, का काढल्यात? मी लिहिले, आमच्याकडे रोजच सगळे खोडतात.

त्याचे उत्तर दोन वाक्यांचे होते. “ठीक आहे. पण एखाद्या दिवशी कोणीच खोडलेले नसेल.”

त्याला मी उत्तर दिले नव्हते.

तीन ठिकाणी प्रती आहेत म्हणजे मजकूर सुरक्षित आहे असे आम्ही सगळे धरून चाललो होतो. तिन्ही प्रती एकमेकींचे ऐकतात, हे आम्ही विसरलो. एकीला जे वाटले ते तिघींना वाटते.

लासलगावच्या पुढे समिट नावाचे छोटे स्टेशन आहे. तिथे आजूबाजूला मोठे गाव दिसत नाही. चढ आहे, वारा आहे, वाळलेले गवत आहे. गाडी सिग्नलसाठी थांबली. समिट नावाची आवृत्ती तेव्हा नव्हती. खिडकीबाहेर गवत एका दिशेला झुकलेले होते आणि तसेच राहिले होते. मला वाटले, गाडी इथेच थांबावी, कारण थांबली आहे तोवर मनमाडचे मेल आहेतही आणि नाहीतही. मग सिग्नल पडला.

मनमाडला साडेबारा वाजले होते. दुकानाचे शटर अर्धे वर होते. आत कोणी नव्हते. मागच्या खोलीत संगणक चालू होता. पडदा उजळलेला, पंख्याची घरघर ऐकू येत होती. मी दारातच उभी राहिले.

“या मॅडम,” मागच्या अंगणातून रफिकभाईंचा आवाज आला. “चप्पल काढू नका, सगळं ओलं आहे.”

ते पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून उभे होते. अंगणात पिंप, हंडे, बादल्या, एक जुना कूलरचा टब, सगळे ओळीने मांडलेले. पाण्याची मोटर चालू होती. त्यांची आई खाटेवर बसून कुठले भांडे आधी भरायचे ते हाताने दाखवत होती.

“कॉम्प्युटर कधी चालू केला?” मी विचारले.

“तास झाला असेल. लग्न अर्धं सोडून आलो. आज पाण्याचा वार. अम्मी एकटी काय भरणार? का हो, काय झालं? चेहरा असा का?”

“मेल आले का?”

“कसे येतील?” त्यांनी मोटरच्या वायरीकडे बोट केले. वायर अंगणातून खोलीत जात होती. “कॉम्प्युटरचं सोडलं तर या खोलीत नीट चालणारं सॉकेट एकच आहे. एरवी त्यात मोडेम असतो. पाणी आलं की मोडेम काढायचा, मोटर लावायची. पाणी जाईपर्यंत इंटरनेट बंद. तुम्हाला कधी बोललो नाही. म्हटलं, नाशिकवाल्यांना काय कळणार.”

मी खोलीत गेले. मोडेम टेबलावर पडला होता, त्याचा एकही दिवा लागलेला नव्हता. मी वायर गुंडाळून तो पर्समध्ये टाकला. मग पेठचा फोल्डर उघडला.

मेल होते.

पेनड्राइव्हवर प्रत करायला वेळ लागला, संगणक जुना होता. रफिकभाई हात पुसत आले आणि मागे उभे राहिले. मी त्यांना काय झाले ते सांगितले. त्यांनी पहिला मेल उघडून वाचायला घेतला, आधी मनात, मग मोठ्याने, आईला ऐकू जावे म्हणून.

“झरा उंबराचा. उगम उंबराच्या मुळाशी, तोंड पूर्वेला. चव किंचित तुरट. होळीनंतर आटतो. सांगणार, रामजी, गुराखी. रामजी म्हणतो, उंबर आधी की झरा आधी हे त्याच्या आज्यालाही ठाऊक नव्हते.”

अंगणात बादलीचा आवाज बदलला. भरत आली की तो बारीक होतो. त्यांच्या आईने हात केला, पाइप दुसऱ्या भांड्यात गेला.

“झरा बाळंतिणीचा,” रफिकभाई वाचत होते. “हिवाळ्यात कोमट. तोंड उत्तरेला, वर कातळ. बायका नवे मूल इथे प्रथम न्हाऊ घालतात. आटल्याचे कोणी सांगत नाही.” ते थांबले. “आटल्याचे कोणी सांगत नाही. अम्मी, सुना?”

“पढ, पढ,” आई म्हणाली.

त्यांनी आणखी पाच-सहा वाचले. कवडीचा, ज्याच्या तळाशी कवडीएवढे खडे आहेत. दोन बहिणींचा, जो दोन जागी फुटतो आणि एकाच खळग्यात पडतो. बाहेर मोटर, पाइप, हंड्यांच्या कडा. आत नावे. कोणी घाई केली नाही. दीडच्या सुमाराला नळ फुसफुसला आणि पाणी गेले. रफिकभाईंनी मोटरचा प्लग काढला आणि सवयीने मोडेम शोधू लागले.

“मोडेम माझ्याकडे आहे,” मी म्हणाले.

“ठेवा,” ते म्हणाले. “आज काय बातमी देणार मी? पाणी आलं, ही बातमी उद्याही चालेल.”

प्रत पूर्ण झाली. मोजले. झऱ्यांचे मेल चाळीस होते.

रफिकभाई आठ दिवस मालेगावला होते. तेवढ्या काळात गुरुजींनी एक झरा पाठवला होता. तो नाशिकला पोचला, पण बंद असलेल्या मनमाडला पोचला नाही. नाशिकला तो कोणी उघडलेला नव्हता. मी गुरुजींना फोन केला.

“चाळीस मिळाले. शेवटचा नाही.”

“शेवटचा म्हणजे मुका झरा,” ते म्हणाले. “जानकीबाईचा.”

“काही आठवतं आहे का त्यातलं?”

“नाव आठवतं. तोंड पश्चिमेला की नैऋत्येला, ते नक्की नाही. चव तिने सांगितली होती, माझ्या शब्दांत नव्हती. असं अर्धं लिहू नये मॅडम.” मग म्हणाले, “म्हातारी आहे अजून. जाऊन येतो.”

संध्याकाळी नाशिकला येऊन मी चाळीस मेल सर्व्हरवर पुन्हा चढवले. प्रोग्रामच्या दृष्टीने ते नवे होते. त्याने ते नवे म्हणून वहीत लिहिले. पासवर्ड बदलल्याचे मुख्य कार्यालयाचे उत्तर सहा वाजता आले. तो मग सगळ्यांना कळवावा लागला.

गुरुजी गुरुवारी पाड्यावर गेले. पुढे काय झाले ते त्यांनी नंतर मला फोनवर सांगितले, तसे इथे देते. जानकीबाई अंगणात नागली पाखडत होती. तिने त्यांना ओळखले.

“एकदा सांगला ना तुला. परत कशाला इचारतोस?”

“आजी, माझ्याकडून हरवलं.”

“कागूद तर तू मलाच दिला व्हता.”

“आहे का तो?”

तिने छपराकडे पाहिले. कागद तिथे खोचला होता आणि उंदरांनी नेला होता. ती सूप बाजूला ठेवून उठली. काठी घेतली आणि पुढे चालू लागली. पहिल्या वेळी तिने झरा अंगणातूनच हाताने दाखवला होता. या वेळी ती त्यांना तिथपर्यंत घेऊन गेली. उतार होता, दोन ठिकाणी तिला बसावे लागले. झऱ्यापाशी तिने त्यांना आधी पाणी प्यायला लावले आणि मग सांगितले.

“प्रोग्रामचं का नाही सांगितलंत तिला?” मी गुरुजींना विचारले.

“तिला काय सांगणार? मी मागितलं होतं, मी हरवलं,” ते म्हणाले.

शुक्रवारी मी ‘क’ला पत्र लिहिले. काय झाले ते सर्व क्रमाने लिहिले. बोट येईपर्यंत, म्हणजे नऊ दिवस, उत्तर आले नाही. मग त्याच्याकडून त्याच चार ओळी पुन्हा आल्या. सोबत पत्र नव्हते. त्या मी घेतल्या. फोल्डर एकदम रिकामा दिसला तर ‘आवक-जावक’ आता थांबतो आणि विचारतो. टेबलावरच्या लोकांना रोज सकाळी प्रश्न येऊ लागला. त्यांनी तक्रार केली. ओळी राहिल्या. त्या आवृत्तीचे नाव समिट.

पुढच्या काळात ते कार्यालय दोनदा हलले. जिल्ह्याची पाने चारावरून एकावर आली. मी निवृत्त झाले. प्रोग्रामची दुरुस्ती आता मुख्यतः दुसरेच लोक करतात, त्यांतल्या बहुतेकांना मी भेटलेले नाही. ‘क’ची शेवटची दुरुस्ती येऊन बराच काळ झाला. तिच्यासोबतही पत्र नव्हते. रफिकभाई अजून विचारतात, “मॅडम, मनमाड कधी?” मनमाड नावाची आवृत्ती निघालेली नाही. त्यांच्या मागच्या खोलीत मोटरसाठी वेगळे सॉकेट बसले आहे.

झरे छापले गेले नाहीत. पानाची जबाबदारी माझ्याकडे होती तेव्हाही नाहीत. एका उन्हाळ्यात मी ते घ्यायचे ठरवले होते, मजकूर निवडलाही होता. पान भरले आणि ते थांबले. गुरुजींनी त्यानंतर विचारले नाही. दैनिकाची जिल्हा पेटी बंद झाली तेव्हा पेठचा फोल्डर मी माझ्या पेटीत घेतला आणि ‘आवक-जावक’ माझ्या, गुरुजींच्या आणि रफिकभाईंच्या घरी तसाच चालू ठेवला.

एक्केचाळिसावा मेल जानकीबाईकडे जाऊन आल्यानंतरच्या रविवारी सकाळी आला होता. त्याचा विषय: ‘मुका झरा, दुसऱ्यांदा’. मजकूर असा: “तोंड नैऋत्येला. कातळावरून उतरतो पण आवाज करत नाही, म्हणून मुका. चव जानकीबाईच्या शब्दांत: जशी तहान तशी. वैशाखात आटतो, एखाद्या वर्षी आटत नाही. सांगणार, जानकीबाई. या वेळी सोबत आली.”

हा लेख पाठवण्यापूर्वी आज सकाळी नऊ वाजता इथे मोजले आणि बाकी दोन्ही ठिकाणी फोन करून मोजून घेतले. नाशिक एक्केचाळीस. पेठ एक्केचाळीस. मनमाड एक्केचाळीस.